मागणीची व्याख्या

पाचपावलीची मोठी पाइपलाइन फुटून आज तिसरा दिवस.
पारा सेहेचाळीसवर, आणि नवतपा लागायला अजून चार दिवस आहेत.
कूलरच्या तळाशी खसाच्या वासाचं थोडं पाणी होतं,
ते झाडाला घालावं की तोंडावर मारावं
याचा विचार करेपर्यंत हवेनंच पिऊन टाकलं.

गल्लीच्या तोंडाशी चंदन बारापात्रेचा छोटा हत्ती,
मागे निळ्या कॅन रचलेल्या.
सोमवारी वीस. मंगळवारी चाळीस. आज सत्तर.
काय रे हे, म्हटलं, तर हसला:
'सर, तुम्हीच तं शिकवलं होतं ना.
पुरवठा घटला का भाव चढते.
त्या पेपरात बाप्पा, आपण डिस्टिंक्शन होतो!'

होता खरा.
तीस वर्षं बारावीच्या फळ्यावर मी एकच आकृती काढली,
एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा.
छेदतात तिथे ठिपका, आणि म्हणायचं: समतोल.
ठिपक्यावर खडू टचकन मोडायचा,
मला तो आवाज आवडायचा.
मग व्याख्या. अधोरेखित करा:
केवळ इच्छा म्हणजे मागणी नव्हे.
इच्छा, अधिक ऐपत, अधिक खर्च करण्याची तयारी.
गजभियेंची ज्योत्स्ना मागच्या बाकावरून उठली होती एकदा,
'सर, तहान आहे अन् पैसे नाहीत, तं त्याला काय म्हणायचं?'
वर्ग हसला. मीही.
म्हटलं, अभ्यासक्रमाबाहेर.

समोरच्या निमजेंची सून मंदा,
सव्वा महिनाही व्हायचा आहे तिचा, तरी सकाळी बाहेर आली,
भाव विचारला,
पदराखालचं पोर सावरलं,
परत गेली.
चंदनच्या वहीत तिची नोंद नाही.
माझ्या आकृतीतही नाही:
रेघ तिच्या दारावरून गेली, तिला न शिवता.
भाव म्हणजे निरोप, असं मी सांगायचो,
ज्याची गरज मोठी तो जास्त मोजतो.
त्या हिशेबानं आज सगळ्यात तहानलेलं
कोपऱ्यावरचं लॉन. रात्री रिसेप्शन आहे,
साठ कॅन एका दमात उतरल्या,
त्यातल्या काही फवाऱ्याच्या पंख्यांसाठी.

मी शंभराची नोट काढली, तर चंदननं हात धरला.
'तुमच्याकडून कायचे सत्तर घेता सर? वीसच द्या.'
खांद्यावरून कॅन दारापर्यंत आणली, वाकून पाया पडला.
माझी पेन्शन एक तारखेला खात्यात येते.
ही सूट कोणत्या नियमात बसते?

कॅन मी निमजेंच्या उंबऱ्याशी सरकवली.
म्हातारी बाहेर आली, पाहिलं.
'राहू द्या सर. फुकटाचं नाही पाहिजे आम्हाले.'

दुपारी मनपाचा टँकर आला.
तो काही देवदूत नव्हे.
आधी नगरसेवकाच्या मेव्हण्याची टाकी भरली त्यानं,
नळीला भोक, अर्धं पाणी गटारात,
एक गुंड लवंडला, दोघींनी एकमेकींच्या सात पिढ्या काढल्या.
वॉलमन इस्माईल मात्र टँकरच्या पत्र्यावर पाना आपटत
एकच ओरडत होता,
'घरामागं दोन बकेटी! घरामागं दोन!'
काय देता, असं कोणालाच विचारलं नाही.

आणि तीच म्हातारी,
सकाळी फुकटाचं नाकारणारी,
कोपर मारत पुढे घुसली,
'आमच्या घरच्या दोन हायेत! मोजून घीन!'
तिच्या आवाजात आभार नव्हते.
मी तिच्या मागे, रिकामी बकेट घेऊन,
रांगेत फळा नसतो, हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

ज्योत्स्ना आता कुठे असते ठाऊक नाही.

कॅन अजून तिथेच आहे,
त्यांच्या दाराच्या आणि माझ्या दाराच्या मधे,
सील न तोडलेली.
उन्हानं आतलं पाणी
एव्हाना चहाइतकं तापलं असेल.